तिथे कावळे असतात का?

सांडोर, २६ जुलै १९५१, गुरुवार

काल लीलाताईंचं वर्षश्राद्ध झालं. लीलाताई म्हणजे ह्यांची पहिली बायको. गेल्या आषाढात टायफॉईडने गेली. माझं ह्या घरात लग्न होऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत, आणि जिला मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तिच्यासाठी मी पहाटेपासून खीर, वडे, भोपळ्याची भाजी, पाच कोशिंबिरी असं सगळं रांधलं. चांगलं झालं होतं. हे मीच लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते आलं नाही.

मागल्या दारी विहिरीजवळ शेवगा आहे, त्याखाली कावळ्याचं पान ठेवलं. कावळा काही येईना. हे हात जोडून उभे, सासूबाई उभ्या, उमेळ्याहून आलेल्या भागूबाई म्हणजे लीलाताईंची आई उभ्या, आणि सात वर्षांची रंभा तर पानाला पाय लागेल इतकी जवळ. सगळ्यांनी काय काय कबूल केलं. पोरीला सांभाळू, बागेतलं आंब्याचं झाड तुझ्या नावाने ठेवू. कावळे समोरच्या माडावर बसून बघत राहिले. शेवटी पान गाईला घातलं.

भागूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दहाव्यालाबी नव्हता आला. माजी पोर उपाशी गेली, अजून उपाशीच हाय."

निघताना त्यांनी रंभेचं मनगट दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाल्या, "हरिश्चंद्र, पितरपाठ सरला का मी येईन. पोर तवाबी अशीच दिसली तर घेऊन जाईन. मग मना कोन बोलू नका."

मला इतका राग आला की ताटं घासताना एकाचा काठ वाकला. रंभा माझ्या हातचं खात नाही ह्यात माझा काय दोष? दूधभाताचे चार घास, संध्याकाळी बागेतून येताना ह्यांनी आणलेलं एक केळं. बस्स. बाकी ताट होतं तसं परत येतं. मी मारत नाही, ओरडत नाही. तरी ती मला हाकही मारत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती हवी आहे. का, ते कळत नाही. सकाळी ती माझ्यापाठीमागे विहिरीवर येते आणि काही न बोलता रहाटाची दोरी धरते, एवढंच. पण ती गेली तर मी त्या विहिरीवर एकटी जाऊ शकणार नाही.

ही वही बाबांनी सासरी येताना दिली. माहीमच्या शाळेत मास्तर आहेत, त्यामुळे आशीर्वादाबरोबर गृहपाठही दिला. रोज एकाचे तरी आभार मानल्याशिवाय वही मिटायची नाही. आज गाईचे. तिने तरी माझे वडे आवडीने खाल्ले.

३० जुलै

रेशनवर ह्या वेळी तांदूळ आणखी कमी आणि गहू जास्त. वर तो अमेरिकेचा लाल मायलो, त्याच्या भाकरीला सासूबाई "वीट" म्हणतात. दूधभात सुद्धा आता मोजूनमापूनच मिळणार. गव्हाची पोळी रंभेपुढे ठेवली तर तिने ती घडी करून ताटाखाली सरकवली.

दुपारी धुणं धुताना मला रडू आलं. कुंपणापलीकडून आवाज आला, "कोन गो रडते? सावित्री? रडते तर जरा हळू रड, माज्या कोंबड्या बिचकतात."

ही मटिल्डाबाय. पन्नाशी उलटलेली, पांढरं लुगडं, आवाज चर्चच्या घंटेएवढा. मुंबईला बंदराजवळ एका गोऱ्या बाईचं बोर्डिंग हाउस होतं, तिथे ती अर्धं आयुष्य स्वयंपाकाला होती. आगबोटीवरचे खलाशी उतरायचे. इटलीचे, चीनचे, रशियाचे, कुठले कुठले. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुठलाबी खलाशी आजारी पडला ना बाय, तर आईच्या हातचंच मागतो. मी इचारायची, सांग बाबा, कशी करते तुजी आई? मग तसं करून द्यायची. तू पोरीला इचार, तिची आई काय करायची?"

घरात येऊन रंभेला विचारलं. सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. पोरीपुढे लीलेचं नाव काढायचं नाही, असा ह्या घराचा नियम आहे. श्राद्धाच्या दिवशी तेवढी सूट असावी.

पण मला एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवर खूश आहे. माझ्या आमटीची तुलना लीलाताईंच्या आमटीशी होणार. त्यात मी हरणारच. पण इटलीच्या जेवणाची तुलना कोणाशी होणार? तिथे मी एकटीच धावणार, म्हणजे पहिलीही मीच. उद्या मटिल्डाबायला गाठते. आज आभार तिचे.

४ ऑगस्ट, शनिवार

आज इटली.

मटिल्डाबाय कुंपणाच्या पलीकडे पाटावर बसली, मी अलीकडे पोळपाट घेऊन. ती आमच्या स्वयंपाकघरात येणार नाही आणि मी तिच्या घरचं पाणी पिणार नाही, असं दोन्ही घरांचं पिढ्यानपिढ्या ठरलेलं. तेव्हा मधे मेंदीचं कुंपण ठेवून विद्या सांगायला काही हरकत नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. पण कुंपण न ओलांडणाऱ्या गोष्टीला त्या तरी काय म्हणणार?

"अंडं घाल."

"श्रावण लागलाय, मटिल्डाबाय."

"मग पानी घाल, आनि इटलीवाल्यांची माफी माग."

गव्हाचं पीठ घट्ट मळून पातळ लाटलं, सुरीने पट्ट्या कापल्या, सुपात पसरल्या. मग उकळत्या पाण्यात टाकल्या. वर टोमॅटोचं दाट आटवलेलं सार. ह्याला मॅकरोनी म्हणायचं. सासूबाई म्हणाल्या, "शेवया बिघडल्या म्हन की."

रंभा दारात उभी राहून सगळं बघत होती. मी बाबांचा जुना नकाशा काढला आणि तिला बुटाच्या आकाराचा देश दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे आपल्याकडे कोनी करत नाय?"

"कोणीच नाही. सगळ्या वसईत आज पहिल्यांदा."

"एकदम वेगलं?"

"एकदम वेगळं."

मग म्हणाली, "तिथे कावळे असतात का?"

आता इटलीच्या कावळ्यांची मला काय माहिती असणार? पण पोर पहिल्यांदा माझ्याशी एवढं बोलली होती. म्हटलं, "असतात तर! आपल्यापेक्षा जरा गोरे असतील."

ती ताट उचलून मागल्या दारी गेली. लाजाळू आहे, सगळ्यांसमोर खायला संकोचते. मी मुद्दाम मागे गेले नाही. थोड्या वेळाने ताट आलं ते चाटूनपुसून लख्ख!

मला नाचावंसं वाटलं. ह्यांना सांगितलं तर हे हसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांचे दात पाहिले. आज आभार इटलीचे, सगळ्यांचे, तिथल्या कावळ्यांचे सुद्धा.

११ ऑगस्ट

आठवड्यात रशिया आणि चीन उरकले.

रशियाचे म्हणजे आपले घावनच, फक्त गव्हाचे, आणि वर दही. मटिल्डाबाय म्हणते तिथे एवढी थंडी की दही खाताना दात वाजतात. चीनचे म्हणजे उकडीचे मोदक, पण आत कोबी आणि मीठ. तिखटमिठाचा मोदक म्हटल्यावर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "गनपतीला कलला तर काय म्हनेल?" म्हणाल्या. आणि दोन खाल्ले. मी मोजले असं त्यांना वाटू नये म्हणून छताकडे बघत बसले.

रंभा रोज विचारते, "उद्या कुठलं?" आणि मग ठरलेला प्रश्न, तिथे कावळे असतात का. चीनमध्ये असतात, रशियात बर्फामुळे कमी असतील, असं मी ठोकून देते. पाखरांची आवड असणारं मूल मनाने हळवं असतं. ताट घेऊन बाहेर, ताट रिकामं आत. दूधभात मात्र पूर्वीएवढाच, चार घास. पोट भरत असेल.

बाबांना पत्रात सगळं कळवलं, जरा वाढवूनच. आभार आज माझ्या हातांचे. अशी फुशारकी वहीत चालते.

१९ ऑगस्ट, रविवार

चर्चमधली मिस आटोपून आल्यावर मटिल्डाबायने कुंपणावरून टोपलीभर अंडी दाखवली. "बघ गो सावित्री, माज्या कोंबड्या कशा तुकतुकीत झाल्यात! पावसात कोन एवढी अंडी देते काय? आल्तारावर मेणबत्ती लावली तेचा हा परताप." मी म्हटलं, देव तुमच्या कोंबड्यांवर प्रसन्न आहे, माझ्या पोरीवर का नाही?

कारण रंभा भरत नाहीये. आज न्हाऊ घालताना तिच्या पाठीची हाडं हाताला लागली. परकर कमरेवर राहत नाही, गाठ दोनदा मारावी लागते. एवढी इटली आणि चीन जातात कुठे? सासूबाई म्हणाल्या जंत असतील. वैद्यांकडून एरंडेल आणलं. रंभा नाक न दाबता ते प्यायली. मग फक्त विचारलं, "उद्या कुठलं?"

उद्या आयर्लंड, बटाट्यांचं. कुठे आहे तेही नकाशात पाहिलं.

आज आभार मानायला मन होत नाही. पण बाबांना शब्द दिलाय. पोर एरंडेल निमूट प्यायली, तिचे आभार.

२९ ऑगस्ट

आज हे बागेतून लवकर आले. पाय धुताना म्हणाले, "रंभा ताट घेऊन शेवग्याखाली का उभी असते? पाऊस पडत होता तरी उभी होती."

"जेवते तिथे. एकांत आवडतो तिला."

"उभ्याने?"

मी म्हटलं, तुम्ही पानवेलींकडे बघा, स्वयंपाकघराकडे मी बघते. ह्यांना गप्प करणं फार सोपं आहे आणि नंतर मलाच बरं वाटत नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

रागात लिहितेय, अक्षर वाईट येणार.

गणपतीत पाच दिवस सुट्टी दिली होती, आज पुन्हा मॅकरोनी केली, रंभेची आवडती म्हणून. ताट घेऊन ती गेली. पाचेक मिनिटांत पलीकडून मटिल्डाबाय ओरडली, "अगो सावित्री! बघ, माजी कोंबडी इटालियन झाली!" बघते तर तांबडी कोंबडी कुंपणाच्या भोकातून आत आलेली, चोचीत लांबलचक मॅकरोनी, मागून दुसऱ्या दोघी ओढाताण करतायत. शेवग्याखाली केळीच्या पानावर सगळं ताट ओतलेलं. आणि शेजारी रंभा, हात मागे बांधून, वर माडाकडे बघत उभी.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. पाट्यावर वाटलेलं, लाटलेलं, उकडलेलं सगळं कोंबड्यांच्या पोटात. मी इथे पानं भरभरून कौतुक लिहितेय आणि पोर मला फसवतेय! मी तिचा दंड धरून तिला आत आणलं. फार बोलले. म्हटलं, माझ्या हातचं एवढं विष वाटत असेल तर जा आजीकडे उमेळ्याला, मी थांबवणार नाही.

ती रडली नाही. खाली बघून म्हणाली, "उद्या कुठलं करनार?"

"कुठलंच नाही. संपले देश."

तेव्हा रडली. अशी रडली की सासूबाई ओटीवरून धावत आल्या. मी हिला मारलं असंच त्यांना वाटलं असणार. मी काही सांगितलं नाही.

आभार कोणाचेही नाहीत.

१८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नवीन पदार्थ बंद आहेत. त्या दिवसापासून रंभेने दूधभातही सोडल्यासारखा आहे. एक घास, दोन घास. ह्यांनी मांडीवर बसवून केळं दिलं तर अर्धं खाल्लं, अर्धं मुठीत. मुठीतलं पुढे कुठे जातं ते मी बघत नाही. शाळेतून मास्तरांनी घरी पाठवलं, बाकावर झोपते म्हणून.

मटिल्डाबाय कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी हसली ते चुकली. मना काय म्हाईत?" तिचा काय दोष? तिच्या कोंबड्यांचाही नाही. मटिल्डाबाय म्हणाली, "फसवायला कोन पावसात उभा ऱ्हाते, बाय? फसवनारा खातो आनि नाय म्हनतो. ही खात नाय आनि मागते." मला ते नीट कळलं नाही, पण दिवसभर डोक्यात राहिलं.

भागूबाईंचा निरोप आलाय. अविधवा नवमीला येतायत. अमावास्येपर्यंत थांबणार नाहीत असं दिसतं. पोर त्याच दिवशी नेतील. ह्यांनी निरोप ऐकला आणि बागेत निघून गेले. मी रंभेचे दोन परकर धुऊन घडी करून ठेवले, पुन्हा मोडून दोरीवर टाकले. ओले नव्हते तरी टाकले.

आज आभार मटिल्डाबायचे. ती चूक कबूल करते. मला अजून ते जमलेलं नाही.

२३ सप्टेंबर, रविवार

उद्या लीलाताईंची अविधवा नवमी. सवाष्ण गेली ना, म्हणून तिचा दिवस हा. दुपारी भाज्या निवडताना मी हिंमत करून सासूबाईंना विचारलंच, नियम गेला उडत. म्हटलं, लीलाताईंना काय आवडायचं ते तरी सांगा, पानात तेच वाढू.

सासूबाईंनी सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "आवडायचं सगलंच. पन आजारपनात डागदराने लंघन सांगितलं होतं. पेजेच्या पान्याशिवाय काय द्यायचं नाय, आतडं फाटेल. ती सारखी म्हनायची, तोंडाला चव नाय, कायतरी वेगलं द्या. मी नाय द्यायची. मग पोरीला हाक मारायची. रंभे, कायतरी वेगलं आन गो, एकदम वेगलं. पोर स्वैपाकघरात यायची आनि मी हाताला धरून भाएर काढायची. शेवटच्या दिवशीबी काढली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बरोबरच केलं मी. डागदरानेच सांगितलं होतं. तरी वाटते."

मी म्हटलं, तुम्ही बरोबरच केलंत. दुसरं काय म्हणणार? आणि खरंच बरोबर होतं ते.

मग वाटलं, खीर-वडे तर लीलाताईंनी जन्मभर खाल्ले. भीत भीत विचारलं, उद्या पानात थोडी मॅकरोनी वाढू का? मला वाटलं कानांवर हात ठेवतील. श्राद्धाच्या पानात मटिल्डाबायची विद्या! पण म्हणाल्या, "कर. तवा मी नाय दिलं. आता तू दे."

रंभा चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सगळं ऐकत होती हे आमच्या लक्षातच नव्हतं. मॅकरोनी म्हटल्यावर उठली आणि कोणी न सांगता सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. पट्ट्या तिनेच कापल्या. माझ्यापेक्षा सरळ कापल्या. एकदा तिचा हात माझ्या हाताला लागला आणि तिने तो काढून घेतला नाही.

आभार सासूबाईंचे. आज पहिल्यांदा मनापासून.

२४ सप्टेंबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

भागूबाई सकाळीच आल्या. रंभेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दारापाशी रिकामी पिशवी ठेवली, परकर न्यायला. मी स्वयंपाक केला. पान वाढलं, खीर, वडे, भाज्या, आणि मीठ वाढायच्या जागेजवळ लाल मॅकरोनी. मटिल्डाबायला आधीच सांगितलं होतं. तिने कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, वर पाटा ठेवला, आणि स्वतः कुंपणापलीकडे डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "मी माज्या पद्धतीने मागते. मागनं एकच हाय."

पान शेवग्याखाली ठेवलं. माडावर तीन कावळे. आम्ही सगळे मागल्या ओटीच्या पायरीवर. रंभा पुन्हा पानाशेजारी, अगदी लागून.

कावळे आले नाहीत. ऊन चढलं. ह्यांनी कबूल केलं, सासूबाईंनी कबूल केलं, भागूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, "नाय येत. माजी लेक माज्यावरच रुसली हाय."

तेवढ्यात रंभा वाकून पानाशी बोलायला लागली. हळू, पण आम्हाला ऐकू आलं.

"आई, खा ना. हे वेगलं हाय. एकदम वेगलं. इटलीचं हाय. मी रोज आनते तुजासाठी, तू कोंबड्यांना का देते? तू खाल्लं का मग मी खाईन."

देवा, मी किती मूर्ख! पोर आईसाठी जगभरातून जेवण मागवत होती. आणि मी वहीत लिहीत होते, पाखरांची आवड आहे म्हणून. आई उपाशी गेली, आजी म्हणते अजून उपाशीच आहे, मग हिच्या घशाखाली घास कसा उतरणार? मी तिला फसवी म्हटलं. एरंडेल पाजलं.

मी पायरी उतरून गेले. सवतीच्या पानापुढे काय बोलायचं ते कोणी शिकवत नाही. तोंडाला आलं ते बोलले. "लीलाताई, तुमच्या पोरीने तुम्ही मागितलेलं आणलंय. उशीर झाला, पण आणलंय. सगळं आणलं, चीनचं, रशियाचं. स्वतः उपाशी राहून आणलं. आता तुम्ही जेवा आणि तिला जेवू द्या. ती इथे राहिली तर मी रोज वाढेन. उमेळ्याला गेली तरी डबा पाठवेन. पण तिला जेवू द्या."

आणि रंभेला उचललं. केवढीशी, काही वजनच नाही. ती पाय झाडत होती, "मना बघायचंय, मना बघायचंय!" मी म्हटलं, ओटीवरून बघू, आई पाहुण्यांसमोर लाजते. तसं ती थांबली. म्हणाली, "तिलापन एकांत आवडते?"

आम्ही पायरी चढतो न चढतो तोच पंखांचा आवाज झाला. कावळा पानावर! खीर नाही, वडा नाही, आधी मॅकरोनीच ओढली त्याने. लांब लाल पट्टी चोचीत लोंबवत माडावर गेला. पाठोपाठ दुसरा. मटिल्डाबायने पलीकडून मोठ्याने देवाचं नाव घेतलं. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भागूबाईंनी माडाकडे बघून हात जोडले.

एवढे दिवस का आला नाही आणि आजच का आला, मला कळत नाही. लीलाताईंनी माझं ऐकलं, असंच मी धरून चालणार. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रंभेने कावळा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून उतरली, आत गेली आणि पाटावर बसली. "मना वाढा," म्हणाली. मॅकरोनी खाल्ली. भात खाल्ला. एक वडा खाल्ला. तिला बघता बघता आम्ही चौघेही जेवायचे विसरलो.

भागूबाई शेवटी म्हणाल्या, "तिच्या पानात ते लाल वाढलं ना, मना पन वाढ." एक घास खाल्ला. "अलनी हाय," म्हणाल्या. मग सगळं संपवलं. जाताना रिकामी पिशवी झटकली आणि तिच्यात बागेतला केळ्याचा फणा घालून घेतला. रंभेच्या गालाला हात लावून मला म्हणाल्या, "दिवालीला येईन. तवा मीठ नीट घाल."

२ ऑक्टोबर

घट बसले. सकाळी तीन घास, दुपारी पोळी, रात्री पुन्हा भात. रंभा आता विचारते उद्या कुठलं, पण कावळ्यांचं विचारत नाही. परकराची गाठ अजून दोनदाच मारावी लागते. घाई नाही. मला ती अजून कशानेच हाक मारत नाही. चालेल, मी समोरच असते.

आज मी मटिल्डाबायकडे गेले होते. कुंपणाला वळसा घालून, रस्त्याने, तिच्या दारातून. पिढ्यानपिढ्याचं ठरलेलं मोडलं. तिने पाणी दिलं, मी प्यायले. सासूबाईंनी पाहिलं आणि ओटीवर पाठ फिरवून बसल्या. तेवढ्यानेच भागलं. बोलता बोलता उशीर झाला. दुपारचं स्पेनचं पिवळं भाताचं प्रकरण झाकून ठेवून गेले होते, रेशनचा तांदूळ जपून जपून केलेलं. वाटलं, सगळ्यांचं जेवण होऊन भांडं रिकामं झालं असणार.

घरी आले तर चुलीपाशी केळीच्या पानावर भात, वर उपडी परात, परातीवर पाटा, आणि शेजारी रंभा काठी घेऊन बसलेली. मटिल्डाबायची तांबडी कोंबडी दारात.

रंभा म्हणाली, "तुजासाठी काढून ठेवलंय. कोंबडीला नाय दिलं." आणि उठून दोन पावलं मागे सरकली, अगदी दारापर्यंत, तिथून बघत राहिली. मी खाते की नाही ते.

मी खाल्लं. गार झालं होतं आणि मीठ पुन्हा कमी पडलं होतं. शेवटचं शीत सुद्धा ठेवलं नाही.